फिल्ममधला कडा आपल्याला जमेल का? चढाईला नव्याने लागलेल्या सातारा-सांगलीकरांसाठी

रविवारी मोबाइलवर लिंगाण्याचा नाहीतर तैलबैलाचा व्हिडिओ बघायचा आणि सोमवारी ग्रुपवर ‘पुढच्या शनिवारी जायचं का?’ असा मेसेज टाकायचा, हे आता साताऱ्यात, कराडात, सांगलीत सर्रास चालतं. त्यात गैर काही नाही. चढाईची हौस बहुतेकांना बघूनच लागते. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फिल्म म्हणजे त्या वाटेचं वर्णनच असतं, पण त्यातली बरीच पानं फाडलेली असतात. दोर कुणी लावला, टप्प्यावर किती वेळ थांबावं लागलं, माणसं खाली कशी आली, ही ती पानं. माथ्यावर भगवा फडकला की फिल्म संपते. तुमचा दिवस मात्र तेव्हा जेमतेम अर्धा झालेला असतो.

म्हणून फिल्म निवडण्यापासून खाली सुखरूप येईपर्यंतचा क्रम इथे दिला आहे. डोंगर चालायची सवय आहे, पण दोरावर अजून फारसं काम केलेलं नाही, अशा वाचकासाठी तो आहे.

१. फिल्म कुठल्या जातीची आहे ते आधी ठरवा

पहिली जात विक्रमाची. ‘फ्री सोलो’ सगळ्यांनी पाहिलेली असते. अमेरिकन चढाईकर ॲलेक्स ऑनोल्डने ३ जून २०१७ रोजी तिकडच्या एल कॅपिटन या कड्यावरची ‘फ्रीरायडर’ ही सुमारे ९०० मीटरची वाट दोराशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढली. ही फिल्म जरूर बघा, पण तिच्यातून वाट घेऊ नका, तयारी घ्या. त्याआधी तो त्याच कातळावर दोर लावून पुन्हापुन्हा चढला होता आणि अवघड जागांवरची एकेक हालचाल त्याने वहीत लिहून ठेवली होती. २०१६ च्या नोव्हेंबरात तो दोराशिवाय निघाला आणि मन लागेना म्हणून परत फिरला. नवख्याच्या कामाचं त्या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त काही असेल तर ते हे परत फिरणं.

दुसऱ्या जातीत डोंगर जगप्रसिद्ध असतो, पण त्यावर सामान्य चढाईकराच्या आवाक्यातली एखादी वाटही असते. आपल्याला हव्यात त्या या फिल्म.

अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर १९७७ च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मुळे घरोघरी पोचला. पायथ्यापासून तो ८६७ फूट उभा आहे. त्यावरची ड्युरन्स वाट १९३८ साली चढली गेली आणि आजही तिथे पहिल्यांदा येणारे बहुतेक लोक तिच्याच मागे असतात. तिची श्रेणी ५.७ च्या आसपास (हा आकडा कसा वाचायचा ते पुढे येतं), म्हणजे सराव असलेल्या माणसाला जमण्यासारखी. तिथल्या मूळ जमातींसाठी हा डोंगर पवित्र आहे, म्हणून जून महिन्यात चढू नका अशी विनंती केली जाते आणि बरेच जण ती पाळतात.

स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा ‘इनॲक्सेसिबल पिनॅकल’ २०१४ मध्ये डॅनी मॅकॲस्किलच्या सायकलीच्या व्हिडिओत झळकला. नावाचा अर्थ ‘अगम्य सुळका’. पण त्याच्या पूर्वेकडच्या धारेची श्रेणी ‘मॉडरेट’ आहे, म्हणजे ब्रिटिश पद्धतीतल्या सगळ्यात सोप्या श्रेणींपैकी एक. तिथे हातापायाला कष्ट कमी आणि दृष्टिभय जबरदस्त. धारेवरून वर जायचं आणि पलीकडच्या आखूड बाजूने सुमारे २० मीटर रॅपलिंग करत, म्हणजे दोरावरून सरकत, उतरायचं. ‘सोपं पण भीतिदायक’ म्हणजे काय ते समजायला यापेक्षा चांगला नमुना सापडणार नाही.

तिसरी जात आपल्याकडच्या ट्रेक-व्हिडिओंची. वाट आपल्याच कातळावरची, भाषा आपली, अंतर एका रात्रीच्या गाडीचं. नवख्याला सगळ्यात उपयोगी हेच. पण कापाकापी इथेच सगळ्यात जास्त असते, कारण दहा मिनिटांच्या व्हिडिओत चौदा तास बसवायचे असतात.

२. श्रेणीचा आकडा वाचायला शिका

अमेरिकन पद्धतीत दोर लागणाऱ्या चढाईचा आकडा ५ ने सुरू होतो. टिंबापुढची संख्या वाढेल तशी अडचण वाढते. ५.६ म्हणजे फ्रेंच पद्धतीत साधारण ४ सी, ५.१० ए म्हणजे ६ ए आणि ५.१३ ए म्हणजे ७ सी प्लस. ५.१० म्हणजे ‘पाच पूर्णांक एक’ नव्हे. ते ‘पाच-दहा’ वाचायचं, आणि ते ५.९ च्या वरचं आहे. या चुकीने भल्याभल्यांचे अंदाज कोलमडतात.

आपल्याकडे ‘सोपी, मध्यम, कठीण’ अशी श्रेणी सांगतात. ती बहुतेक वेळा पूर्ण ट्रेकची असते, कातळटप्प्याची नव्हे. ‘कठीण’ लिहिलं असेल तर कठीण काय ते विचारा. चाल लांब आहे, घसारा आहे, दृष्टिभय आहे की कातळच अवघड आहे? चारही गोष्टींची तयारी वेगवेगळी असते.

आणखी एक हिशेब. दोर वरून असताना जी श्रेणी तुम्हाला आरामात जमते, त्याच्या निदान दोन पायऱ्या खालची वाट लीड करायला, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढायला धरा. वरून दोर असला की चुकीची किंमत एक झोका असते. लीडवर शेवटच्या बोल्टच्या (कातळात ठोकलेल्या, दोर अडकवायच्या खिळ्याच्या) वर तुम्ही जितके गेला आहात, त्याच्या दुप्पट तुम्ही पडता, आणि त्यात दोराचा ताण मिळवायचा तो वेगळाच.

३. वही घेऊन, थांबवत थांबवत बघा

फिल्म एकदा मजेने बघा. दुसऱ्यांदा कामासाठी. वहीत दोन रकाने करा. एकात ‘फिल्ममध्ये दिसलं’, दुसऱ्यात ‘कापलेलं’. दुसरा रकाना भरत नसेल तर तुम्ही अजून नीट बघितलेलं नाही.

दोर कुठून येतो ते बघा. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर वर जात असेल तर वर कुणीतरी आधीच पोचलं आहे. खाली जात असेल तर तो लीड करतो आहे. आपल्याकडच्या बऱ्याच व्हिडिओंत सराईत मंडळी पहाटे पुढे जाऊन दोर लावून ठेवतात आणि बाकीचे त्याला जुमार (दोरावर फक्त वरच सरकणारी पकड) लावून किंवा दोर धरून चढतात. पडद्यावर सगळे सारखेच ‘चढताना’ दिसतात. तुमच्या गटात तो पहाटे पुढे जाणारा माणूस कोण, हे सांगता आलं पाहिजे.

कॅमेरा कुठे आहे ते बघा. समोरून किंवा वरून चित्रण असेल तर तिथे दुसरा दोर, दुसरा अँकर (दोर बांधायची पक्की जागा) आणि दुसरा माणूस आहे. म्हणजे त्या वाटेवर पोचायचा आणखी एक रस्ता आहे, किंवा आदल्या दिवशी कुणीतरी राबलं आहे.

उभेपणा फसवतो. हेल्मेटवरचा रुंद भिंगाचा कॅमेरा उभा कडा आडवा करून दाखवतो, तर दुरून ओढून घेतलेलं चित्र साधा उतारही भिंतीसारखा दाखवतं. यावर साधा उपाय आहे. मोकळा लोंबणारा दोर नाहीतर स्लिंग (पट्टीचा शिवलेला फास) शोधा. ती नेहमी ओळंब्यात असते. कातळ आणि तो दोर यांच्यातला कोन बघितला की खरा चढ कळतो. पडद्याची कड आणि लोंबता दोर समांतर नसतील तर कॅमेराच तिरका धरला आहे.

वेळ सावलीवरून काढा. पायथ्याला लांब सावल्या, पुढच्याच दृश्यात माणूस दुसऱ्या टप्प्यावर आणि सावली पायाखाली, म्हणजे मधले तीन-चार तास कापले आहेत. माथ्यावरचा प्रकाश पिवळा असेल तर एकच विचारा: ही माणसं अंधारात उतरली का?

दोन बोल्टमधलं अंतर माणसाच्या उंचीने मोजा. दोन माणसांएवढं, म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास असेल तर ठीक. पाच माणसांएवढं असेल तर ती वाट आकड्याने सोपी असली तरी नवख्या लीडरची नाही.

४. उतरण: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मॅटरहॉर्न १४ जुलै १८६५ रोजी पहिल्यांदा चढला गेला. माथ्यावर सात जण पोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे गेले. त्या डोंगराच्या हॉर्नली धारेवरून आजही दर उन्हाळ्यात शेकडो लोक चढतात, आणि तिथले वाटाडे सांगतात की चढायला जितका वेळ, जवळपास तितकाच उतरायला धरा.

स्कॉटलंडमधल्याच ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ या १३७ मीटरच्या समुद्री सुळक्याची चढाई १९६७ मध्ये बीबीसीने थेट दाखवली. मूळ वाटेची श्रेणी ब्रिटिश ई १, म्हणजे साधारण ५.१० ए. शनिवार-रविवार चढणाऱ्या अनुभवी जोड्या ती करतात. तिथे दुसऱ्या टप्प्यावर आडवी चाल आहे आणि तिच्यावरचा कातळ पुढे झुकलेला आहे. वर जाताना त्या चालीवर एक दोर मागे बांधून ठेवायची पद्धत आहे, कारण उतरताना माणूस हवेत लोंबतो आणि ओढून घ्यायला काही नसेल तर कातळाला परत लागत नाही. उतरणीचा विचार चढतानाच करावा लागतो, तो असा.

आता आपल्याकडे या. वाट निवडताना उतरण कशी आहे ते आधी बघा आणि मग चढाईचा आकडा.

खंडाळ्याची नागफणी, म्हणजेच ड्यूक्स नोज: कातळ चढून माथ्यावर पोचलात की मंदिर आहे आणि मागच्या बाजूने कुरवंडे गावाकडे चालत उतरता येतं. पहिल्या बहुटप्पा (एकापेक्षा जास्त दोरटप्प्यांच्या) चढाईला सोबत अनुभवी लीडर असेल तर आमची पसंती अशाच वाटेला. थकलात, उशीर झाला, तरी पायवाट आहे.

तैलबैला: दोन उभ्या भिंती, मध्ये खिंड. वर गेलेल्याला दोरानेच खाली यावं लागतं. रॅपलिंग पक्कं असल्याशिवाय हे नाव काढू नका.

लिंगाणा: मोहरीकडून जायचं तर आधी बोराट्याची नाळ उतरावी लागते, मग खिंडीतून सुळका चढायचा. दोराने उतरलात की दिवस संपत नाही. तीच नाळ, तेच मोठाले धोंडे, आता उलटे चढून मोहरी गाठायची असते. व्हिडिओत हे शेवटचे दोन-तीन तास जवळपास कधीच नसतात, आणि पाणी संपतं, टॉर्च विझतात, घोटे मुरगळतात ते नेमके तिथेच.

वेळेचा हिशेब कागदावर करा. समजा दहा जण, उतरायचे तीन टप्पे, प्रत्येकाला एका टप्प्याला १० मिनिटं. तिन्ही टप्प्यांवर वेगळे दोर लावलेले असतील तर माणसं एकामागोमाग सरकतात आणि शेवटचा साधारण १२० मिनिटांत खाली येतो. दोर एकच असेल आणि तोच ओढून पुढच्या टप्प्याला लावायचा असेल तर ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी दोनला माथ्यावर असाल तर दुसऱ्या हिशेबात शेवटचा माणूस सातला, काळोखात. म्हणून शिकणाऱ्यांचा गट चारचा ठेवा आणि परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा.

रॅपलिंगमधले नेहमीचे घोळ हे:

६० मीटरचा दोर दुहेरी केला की ३० मीटरच पुरतो. टप्पा ३५ मीटरचा असेल तर टोकावरून माणूस निसटतो. दोन्ही टोकांना गाठ मारा. दर वेळी.

दोराचा मध्य चुकला की एक बाजू आखूड पडते. मध्यावर खूण असलेलाच दोर घ्या.

खाली पोचलेल्याने दोर थोडा ओढून तो सरकतो का ते बघावं, आणि मगच शेवटच्या माणसाने वरून निघावं. दोन दोर जोडले असतील तर कुठला ओढायचा ते सगळ्यांनी मोठ्याने म्हणावं. चुकीचा ओढला तर गाठ अँकरमध्ये अडकते.

रॅपलिंगच्या यंत्राच्या खाली प्रुसिकचा फास (ताण आला की दोराला आवळणारा बारीक दोरीचा फास) लावा. हात सुटला, दगड लागला तरी माणूस जागीच थांबतो. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये (कमरेच्या पट्ट्यात) लोंबत राहणं जिवावर बेतू शकतं. त्याला लवकरात लवकर जमिनीवर आणायचं असतं.

५. पडद्यावरचा कातळ आणि आपला कातळ

परदेशी फिल्ममधला कातळ बहुधा ग्रॅनाइट किंवा चुनखडक असतो. आपला बेसॉल्ट, लाव्ह्याच्या थरांवर थर. थरांच्या मध्ये लाल, भुसभुशीत पट्टा येतो. तिथे पकड हातात येते आणि बोल्टही भरवशाचा राहत नाही. थरांच्या सपाटीवर मुरूम आणि वाळलं गवत असतं. कातळ संपला म्हणून माणूस सैलावतो आणि त्या घसाऱ्यावर पाय सुटतो.

पकड घेण्याआधी मुठीने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर ती सोडा. दगड बाहेर ओढू नका, खाली दाबा. तीन टेकू पक्के असतील तेव्हाच चौथा हलवा. दगड सुटलाच तर ‘दगड!’ असं जोरात ओरडा, आणि खालच्याने वर न बघता कातळाला चिकटावं. पाचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावरचा जांभा दिसायला खडबडीत आणि मोहक असतो, पण ढेकळासारखा फुटतो. त्यावर अँकर घेऊ नका.

पाय आणि डोकं तयार करायला सातारा जिल्ह्यात आणि लगत जागा भरपूर आहेत. आठवड्यात दोनदा पाठीवर आठ किलो घेऊन अजिंक्यतारा किंवा यवतेश्वर. रविवारी वैराटगड, पांडवगड, कमळगड. केंजळगडाच्या कातळकोरीव पायऱ्या आणि रायरेश्वराची शिडी दृष्टिभयाची पहिली ओळख करून द्यायला चांगल्या. दोरकाम मात्र जाणत्यांकडूनच शिका. पुण्यात कृत्रिम भिंती आहेत, साताऱ्याहून ११० किलोमीटर. सांगली-मिरजकरांनी बदामीचाही विचार करावा. तिथल्या वालुकाश्मावर बोल्ट मारलेल्या सोप्या-अवघड बऱ्याच वाटा आहेत. लेणी आणि संरक्षित वास्तूंच्या आसपासचा कातळ सोडून द्यायचा.

रीतसर शिकायचं तर उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, मूलभूत अभ्यासक्रम साधारण महिनाभराचा. तेवढी रजा नसेल तर गिर्यारोहण संस्थांचं तीन-चार दिवसांचं प्रस्तरारोहण शिबिर करा. व्हिडिओ बघून गाठी पाठ होतात, पण तुमची गाठ चुकली हे व्हिडिओ सांगत नाही.

६. सामान (दोघांच्या जोडीला)

डायनॅमिक (झटक्याला ताणणारा) दोर ६० मीटर, ९.५ ते १०.५ मिमी, ईएन ८९२ या युरोपीय मानकाचा शिक्का असलेला. वजन चार किलोच्या आसपास. लीडला हाच. स्टॅटिक दोर ताणत नाही. त्यावर लीड करताना पडलात तर सगळा झटका कंबर आणि अँकर खातात. स्टॅटिक फक्त रॅपलिंगला आणि लावून ठेवायला.
हेल्मेट दोन (ईएन १२४९२), हार्नेस दोन (ईएन १२२७७).
लॉक कॅरॅबिनर (बंद होणाऱ्या कड्या) प्रत्येकी चार, बिलेचं (चढणाऱ्याचा दोर धरून ठेवायचं) यंत्र प्रत्येकी एक.
क्विकड्रॉ (दोर बोल्टला अडकवायची दोन कड्यांची पट्टी) १२.
१२० सेंटिमीटरच्या स्लिंग चार, ६ मिमी दोरीचे प्रुसिक फास प्रत्येकी दोन.
रॅपलिंगचे हातमोजे, हेडटॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचार पेटी.
पाणी माणशी चार लिटर.

हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉन दोर, तो कितीही जाड असला, तरी नको. वापरलेला दोर घेत असाल तर पूर्ण ६० मीटर बोटांतून फिरवून बघा. कुठे मऊ, चपटा किंवा फुगलेला लागला तर घेऊ नका. कोण किती पडलंय त्यावर, हे विकणारा सांगेलच असं नाही.

७. कागद आणि परवानग्या

आधारची प्रत, रक्तगट आणि घरच्या दोघांचे नंबर लिहिलेला कागद (फोनमध्ये नको, बॅगेच्या वरच्या कप्प्यात हवा), डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, अपघात विमा असेल तर त्याची प्रत. पैसे भरून संस्थेबरोबर जाताय तर पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी विचारा, आणि लीडर कोण व त्याने कुठला अभ्यासक्रम केलाय हेही विचारा. विचारल्यावर चिडणाऱ्याबरोबर जाऊ नका.

कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वासोट्याला जायचं तर बामणोलीत वनखात्याची नोंद आणि शुल्क, मग लाँच. मुक्काम करता येत नाही. तिथला बाबू कडा व्हिडिओत फार देखणा दिसतो. तो काठावरून बघायचा, दोर टाकायचा नाही. किल्ल्यांची तटबंदी चढाईसाठी नाही आणि संरक्षित गडावर बोल्ट मारणं हा गुन्हा ठरू शकतो. प्रतापगड तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

ड्रोन उडवायचा असेल तर वनक्षेत्रात वेगळी परवानगी लागते. परवानगी असली तरी कड्याला आग्या मोहोळ असेल तिथे ड्रोन, धूर, अत्तर, आरडाओरडा काहीही नको. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

पायथ्याच्या गावात पोलीस पाटील किंवा ओळखीचं एखादं घर गाठून किती जण, कुठली वाट, परत किती वाजता, हे सांगून जा.

८. त्या दिवशी

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. ऑक्टोबरात सावलीतल्या कातळावर शेवाळ टिकून असतं, आणि मार्चनंतर उन्हात कातळाला हात लाववत नाही.

निघण्यापूर्वी जोडीदाराची तपासणी: हार्नेसची बकलं, आठाची गाठ, कॅरॅबिनरचं लॉक, बिले यंत्रातला दोर. हात लावून बघायचं, नुसती नजर टाकून नाही. रोज चढणाऱ्यांकडूनही गाठ अर्धवट राहते, बहुधा कुणीतरी मध्येच बोलायला आलं म्हणून. तपासणी चालू असताना कुणी बोलू नये हा नियम करा.

बिले देणाऱ्याच्या हातात फोन नाही. चित्रण करायचं तर तिसरा माणूस, त्याचा वेगळा दोर, आणि कॅमेऱ्यालाही बांधलेली दोरी. ६० मीटरवरून पडलेला कॅमेरा हा दगडच असतो.

हाका चारच ठेवा: ‘बिले आहे?’, ‘आहे’, ‘दोर घे’, ‘सैल दे’. माथ्याजवळ वाऱ्यात ऐकू येत नाही, म्हणून दोराच्या झटक्यांची खूण आधीच ठरवा.

ठरवलेली वेळ झाली की जिथे असाल तिथून उतरायला लागा, माथा वीस मीटरवर दिसत असला तरी.

अडकलात तर ११२. रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. अनोळखी उतारावर अंधारात वाट शोधत फिरू नका. स्वतःला अँकरला बांधून, अंगावर असेल ते पांघरून उजाडेपर्यंत बसा.

खाली आल्यावर डोकी मोजा आणि पायथ्याच्या त्या घरी ‘सगळे आलो’ म्हणून सांगून या. नाहीतर रात्री गावकरी बॅटऱ्या घेऊन डोंगरात शिरतात. घरी पोचल्यावर दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि पूर्ण लांबी बोटांतून फिरवा. मग वही उघडा आणि ‘कापलेलं’ या रकान्यात आपले आकडे लिहा: पायथा ते पहिला टप्पा किती मिनिटं, अँकरवर वाट बघण्यात किती, उतरायला किती, पाणी कुठे संपलं. पुढच्या फिल्मला मोजपट्टी हीच लावायची.